सायकलवाल्याला कोण विचारतो?

शाळा सुटायची वेळ आहे. फाट्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर सावकाश वळतो आहे. मागे एस.टी. खोळंबली आहे. समोरून दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल घाईने येते आहे. आणि या सगळ्याच्या कडेला, जिथे डांबर संपते आणि मुरूम सुरू होतो तिथे, सातवी-आठवीतल्या चार मुली सायकलवरून खाली उतरून हँडल धरून उभ्या आहेत. ट्रॉली गेली की निघू, असे एकमेकींना खुणावत आहेत. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या कोणत्याही मोठ्या फाट्यावर गाळपाच्या हंगामात जाऊन उभे राहा, हे चित्र दिसेल. त्या चौघींत एखादी तुमची लेक किंवा नातही असेल.

आता आम्ही तुम्हांला एक साधा प्रश्न विचारतो. हा फाटा आखला, रस्ता रुंद केला, मध्ये दुभाजक घातला, तेव्हा या मुलींना कुणी विचारले होते का, की पोरींनो, तुम्ही कुठून येता, कुठे उतरता, कुठे भीती वाटते? मुलींचे राहू द्या. त्यांच्या हेडमास्तरांना विचारले होते? रोज गवताचा भारा सायकलवर लादून नेणाऱ्या म्हाताऱ्याला विचारले होते? उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. आपल्याकडे रस्ता आधी होतो, अपघात मग होतो आणि विचारपूस सगळ्यांत शेवटी होते. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आपल्याच मातीतली, आणि तिचा अनुभवही आपल्यालाच वारंवार यावा, हे काही भूषण नव्हे.

रस्ता कसा असावा, हे ठेकेदार ठरवत नाही. खरे तर साइटवरचे इंजिनिअरसाहेबही एकटे ठरवत नाहीत. त्यांच्यापुढे एक पुस्तक असते. रुंदी किती, साइडपट्टी किती, वळण कसे, सायकलींसाठी वेगळी वाट कधी द्यायची, हे सारे त्या मार्गदर्शिकेत लिहिलेले असते. ही पुस्तके इंडियन रोड्स काँग्रेस काढते. या संस्थेचे मूळ आपल्या मराठी माणसाशी जोडलेले आहे. १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींतून पुढे १९३४ साली ही संस्था उभी राहिली. हेच जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू.

सायकलमार्गांचे पुस्तक या संस्थेने १९६२ साली काढले. २०१५ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. त्या १९६२ च्या पुस्तकातला एक नियम समजून घ्या, कारण त्यात आपल्या दुखण्याची मेख आहे. रस्त्यावर गर्दीच्या तासाला शंभर ते दोनशे मोटारगाड्या जात असतील, तर सायकलींची वेगळी वाट द्यायला त्या तासात किमान चारशे सायकली हव्यात. गाड्या दोनशेच्या वर असतील, तर शंभर सायकलींवरही वाट देता येते. गिरणीचा भोंगा वाजला की शेकडो सायकली एकदम बाहेर पडत, त्या काळाचा हा हिशेब. शहराच्या मानाने तो चुकीचा नव्हता. पण तो आपल्या गावाला लावून पाहा.

समजा, तुमच्या हायस्कुलात तीनशे मुले आहेत आणि त्यांतली ऐंशी सायकलने येतात. साडेनऊ ते साडेदहा या तासात ऐंशी सायकली, म्हणजे शंभराला वीस कमी. झाले, वाट नामंजूर! त्यातून मोजणी मे महिन्याच्या सुट्टीत झाली असेल, तर कागदावर सायकली शून्य. दुपारी बारा वाजता झाली असेल, तरी जवळपास शून्यच. पुस्तक २०१५ साली बदलले खरे, पण ‘आधी डोकी मोजा, मग बघू’ ही सवय कचेऱ्यांत चांगली मुरली आहे. आणि ज्यांनी भीतीपोटी सायकल सोडली, त्यांचे काय? ज्या पायवाटेवर कुणी बाभळीच्या फांद्या टाकल्या, त्या वाटेवर पावले उमटत नाहीत. म्हणून तिकडे कुणाला जायचेच नाही, असे म्हणायचे का?

मोजणी कधी करायची, कुठल्या तासाला करायची, कोण गळाले ते कसे ओळखायचे, हे गावच सांगू शकते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे, की पुस्तक लिहिण्यापूर्वी आणि नकाशा काढण्यापूर्वी वाट वापरणाऱ्याला विचारा. ज्याचे जळते त्याला कळते.

विचारले तर काय कळेल? ऐका. भारा घेऊन जाणारा म्हातारा सांगेल, की सायकलची रुंदी हँडलाएवढी नसते, ती भाऱ्याएवढी असते. ग्रामीण रस्त्याची डांबरी पट्टी साधारण पावणेचार मीटरची. त्यात अडीच मीटरच्या आसपासची उसाची ट्रॉली आली, की उरते सव्वा मीटर. तेवढ्यात भारा मावत नाही. मग म्हातारा साइडपट्टीवर उतरतो, आणि डांबराची कड मुरमापेक्षा वीतभर उंच राहिली असेल तर तिथेच पडतो. आठवीतली मुलगी सांगेल, की दुभाजक ओलांडायची जागा दूर आहे, म्हणून सगळ्या जणी उलट्या बाजूने जातात. साहेबांच्या वहीत ती ‘बेशिस्त’ असते. मुलीच्या हिशेबी तो वाचलेला फेरा असतो. दुसऱ्या पाळीचा कामगार सांगेल, की परतताना अंधार असतो आणि मोरीला कठडा नाही. ऊसतोड मजूर सांगेल, की त्याची खोप रस्त्याच्या एका बाजूला आहे आणि किराणा दुकान दुसऱ्या बाजूला. यांतली एकही गोष्ट पुण्या-मुंबईच्या कचेरीत बसून सुचणार नाही. त्यात हुशारीचा दोष नाही, तिथून दिसतच नाही.

मात्र विचारायचे म्हणजे फक्त सायकलवाल्याला विचारायचे, असे आम्ही म्हणत नाही. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याचेही ऐकावे लागेल. आणखी दोन मीटर म्हटले की त्याच्या पोटात गोळा येतो. आधीच रुंदीकरणात गुंठे गेलेले असतात. शिवाय रस्त्याखालून पाइपलाइन न्यायची तर नळा आधी टाकून ठेवावा लागतो; काम झाल्यावर रस्ता फोडायची परवानगी काढताना चपला झिजतात. ट्रॅक्टरवाला सांगेल, की सायकलवाटेला उंच कड बांधली तर वळताना मागची ट्रॉली तिच्यावर चढेल. फाट्यावरचा हॉटेलवाला सांगेल, की दुकानापुढची जागा गेली तर गिऱ्हाईक थांबणार नाही. एस.टी.चा चालक सांगेल, की थांबा आणि सायकलवाट एकाच जागी आली तर उतरणारा प्रवासी सायकलपुढे येईल. साखर कारखान्याच्या शेतकी खात्याला वाहनतळ आणि गव्हाणीकडे जाणारा रस्ता मोकळा हवा असतो.

ही सगळी म्हणणी एकमेकांना छेद देतात, हे उघड आहे. पण ती कागदावर भांडली तर अर्ध्या तासात तोड निघते. काम झाल्यावर रस्त्यावर भांडली, तर कुणीतरी रात्रीतून कड फोडतो, कुणी वाटेवर खोके टाकतो आणि कुणी कडब्याची गंजी रचतो. मग सायकलवाट राहते फक्त नकाशावर.

याचा धडा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे. पुणे म्हणजे एके काळी सायकलींचे शहर. तिथे केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेच्या काळात सायकलमार्ग बांधले गेले. त्यांतले कित्येक मध्येच तुटले, काहींवर खांब आणि झाडे आली, काहींवर गाड्या लागल्या. सायकलवाला पुन्हा रस्त्यावरच राहिला. मग महापालिकेने रीत बदलली. नव्या सायकल आराखड्यासाठी नागरिकांची मते मागवली, चर्चा घेतल्या, आणि डिसेंबर २०१७ मध्ये आठशेहून अधिक किलोमीटरच्या जाळ्याचा आराखडा मंजूर केला. त्यानंतरही काम रखडले, भाड्याच्या सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत बहुतेक निघूनही गेल्या. म्हणजे विचारले की सारे साधते, असेही नाही. विचारल्यावर मागे लागावे लागते. पण न विचारता बांधलेले किती टिकते, ते पुणेकरांनी पैसे मोजून पाहिले आहे.

हॉलंडची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. आज तिथे शंभर फेऱ्यांपैकी पंचवीसेक सायकलवर होतात, म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो. पण १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, १९७५ साली सायकलवाल्यांची संघटना झाली, आणि हळूहळू सरकारला त्यांचे ऐकावे लागले. तिथले रस्ते जन्मतः शहाणे नव्हते. लोकांनी ते शहाणे करून घेतले.

आता आपल्या दारातली गोष्ट. पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पालखीसाठी स्वतंत्र पायी वाट असेल, असे तेव्हाच जाहीर झाले. चांगली गोष्ट आहे. वारकऱ्याला गाड्यांपासून वेगळी वाट मिळावी, याबद्दल कुणाचे दुमत नाही. पण आषाढी वारीत चार-सहा दिवस सोहळा आपल्या दोन तालुक्यांतून जातो. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला अश्वांचे होते, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी असे मुक्काम करीत पालखी पुढे जाते. वर्षाचे बाकीचे साडेतीनशे दिवस त्या वाटेवर कोण चालणार? शाळेची पोरे, कामाला निघालेल्या बाया आणि सायकलवाले. मग ती वाट सायकल चालेल अशी सपाट आहे का? मोरीपाशी ती तुटते का? फाट्यावर उतार दिला आहे, की पायरी सोडली आहे? आपल्या गावच्या हद्दीत जाऊन तुम्हीच पाहा आणि लिहून ठेवा.

या कामी कायद्यात विचारणा नव्हती का? होती, पण ती जमिनीपुरती. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यावर एकवीस दिवसांत हरकत घेता येते. ज्याची जमीन जाते, त्याला तेवढी संधी मिळते. ज्याची जमीन जात नाही, पण ज्याचे पोर रोज तो रस्ता ओलांडते, त्याला त्या नोटिशीत जागाच नाही. सातबारावर नाव असले तरच माणूस रस्त्याचा हितसंबंधी, नाही तर नाही, हे आम्हांला पटत नाही.

उलट पालखीचेच उदाहरण घ्या. दरवर्षी सोहळ्यापूर्वी प्रशासनाच्या बैठका होतात. संस्थानाचे विश्वस्त, दिंडीवाले, मुक्कामाच्या गावचे पंच यांच्याशी बोलून टँकर कुठे, दवाखाना कुठे, तंबू कुठे, हे ठरते. लाखो माणसे पुढे सरकतात ती अशा विचारपुशीवर. चार दिवसांसाठी आपल्याला हे जमते, मग वीस वर्षांच्या रस्त्यासाठी का जमू नये?

दुसरी गोष्ट नीरा डाव्या कालव्याची. कालव्याच्या भरावावरून जाणारी वाट ही या भागातली अनेक पोरांची शाळेची वाट आहे. मोठी गाडी कमी, चढउतार नाही, सावली आहे. सायकलीला याहून चांगली वाट कोणती? पण पाण्याकडच्या बाजूला कठडा नाही, वेड्या बाभळी आत झुकतात, पावसाळ्यात चिखल होतो. ही जागा जलसंपदा खात्याची. खात्याला गाळ काढायला आणि दुरुस्तीला यंत्र न्यायचे असते, म्हणून कायमचे बांधकाम त्यांना नको असते. कालवा निरीक्षक, पाटकरी, शाळा आणि ग्रामपंचायत एकत्र बसले, तर मुरमाची पक्की वाट आणि धोक्याच्या वळणांवर कठडे एवढे तरी ठरेल. पण बसवायचे कुणी?

इथे काही जण म्हणतील, ‘अहो, सायकल आता चालवतो कोण? घरटी मोटारसायकल आहे.’ आहे ना. पण ती घरातला कर्ता पुरुष नेतो. मागे राहतात पोरे, म्हातारी माणसे आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाया. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, हे विसरू नका. आणि मोटारसायकल पोराच्या हाती द्यायची म्हणाल, तर २०१९ च्या सुधारित कायद्याने अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही बाप किल्ली देतो, कारण सायकलने जाणे त्याला अधिक धोक्याचे वाटते. मुलीच्या बाबतीत तर किल्लीही मिळत नाही. रस्ता वाईट म्हणून सातवीनंतर शाळा बंद, एवढेच होते. एका फाट्याच्या आखणीत एका मुलीचे शिक्षण अडकलेले असते, ते असे.

दुसरा आक्षेप साहेब लोकांचा. विचारत बसलो तर काम लांबते, निधी परत जातो, आणि लोक मागतात काय, तर जागोजाग गतिरोधक आणि वेशीवर कमान. या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या ग्रामसभा कशा होतात, ते आपण जाणतो. सह्या होतात, चहा होतो, माणसे उठतात. ज्याचा आवाज मोठा, त्याचा ठराव. पण मग विचारायची रीत सुधारायची, की विचारणेच बंद करायचे?

रीत अशी असावी. बैठक पाण्याच्या पाळीच्या आणि ऊसतोडीच्या ऐन घाईत ठेवू नये. इंग्रजी नकाशा भिंतीला चिकटवून ‘काही सूचना?’ असे विचारू नये. फाट्यावर चुन्याची फक्की मारून खरी रुंदी जमिनीवर आखावी आणि तिच्यावरून भाऱ्याची सायकल, बैलगाडी, ट्रॉली प्रत्यक्ष चालवून पाहावी. जे नकाशावर तासभर कळत नाही, ते फक्कीवर पाच मिनिटांत कळते. मुलींचे म्हणणे मुलींच्याच तोंडून, शाळेत जाऊन ऐकावे. चावडीवर चार पुरुषांपुढे त्या बोलणार नाहीत. आणि शेवटी, काय मान्य केले, काय केले नाही, आणि का नाही, हे मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. ‘नाही’ म्हटल्याचे लोकांना तेवढे दुःख नसते. उत्तरच न मिळाल्याचे असते.

सरपंच मंडळींनी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (आता त्यांचे पद ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे) यात कुणाची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्षाकाठी किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि त्यांच्या आधी महिलांची सभाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या विषयांच्या यादीत रस्ते आणि मोऱ्या घातलेल्या आहेत. येत्या महिला सभेत हा एकच विषय घ्या. शाळेच्या एका दिवशी सकाळी साडेनऊ ते अकरा आणि संध्याकाळी साडेचार ते सहा, शिक्षक आणि मोठ्या मुलांकडून सायकली आणि गाड्या मोजून घ्या. एक मोजणी गाळपात, एक गाळप नसताना. धोक्याच्या तीन जागा निश्चित करा आणि ठराव करा. जिल्हा परिषदेचा रस्ता असेल तर तिच्या बांधकाम विभागाला, राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकामच्या उपविभागाला, महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला प्रत द्या आणि पोच घ्या. नकाशा दाखवत नसतील, तर माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आणि जिल्हा परिषद व बांधकाम खात्याकडे आमची एकच मागणी आहे. ग्रामीण रस्त्यांवरच्या सायकलवाटांसाठी मराठीत एक छोटी मार्गदर्शिका करा. शाळेसमोरचा रस्ता, मोठा फाटा, मोरी, कालव्याची वाट आणि कारखान्याकडे जाणारा रस्ता, या पाच ठिकाणांचे नमुना नकाशे तिच्यात द्या. मसुदा महिनाभर प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवा आणि हरकती ऐकूनच पक्का करा. सुरुवात बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून करा. इथे ऊस आहे, कारखाने आहेत, कालवा आहे, पालखी मार्ग आहे. इथे जे उतरेल, ते इतरत्रही चालेल.

गाव करी ते राव न करी, असे म्हणतात. रावाने विचारायला यावे, हे खरेच. पण तो येईपर्यंत गावाने गप्प बसावे, असे कुठे लिहिलेले नाही. आज संध्याकाळी फाट्यावर जा. त्या चार मुली ट्रॉली जाण्याची वाट पाहत उभ्या असतील. त्यांना विचारा, ‘पोरींनो, वाट कशी पाहिजे?’ त्या काय सांगतात ते वहीत लिहून घ्या. मार्गदर्शिकेचे पहिले पान तिथेच तयार होईल.